एसएचए-२५६ला दोन वेगळ्या शेतकऱ्यांचा एकच हॅश येतोय, असं होऊ शकतं का??

द्राक्षवाला_डेव्ह

नमस्कार मंडळी, दोन रात्री नीट झोप नाहीये त्यामुळे लिहिताना काही राहून गेलं तर विचारा, सांगतो. फोनवरून टाकतोय आणि कीबोर्ड मराठीवर आहे, सारखा बदलायचा कंटाळा, म्हणून कमांडसुद्धा देवनागरीतच येतील, चालवून घ्या.

मी नाशिकला, दिंडोरी रोडला एका पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर बघतो. एकटाच आहे, डेव्हलपर मीच, टेस्टर मीच आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की काढणारा पण मीच. एक्स्पोर्टची द्राक्षं असतात त्यामुळे कुठल्या शेतकऱ्याचा कुठला प्लॉट, फवारणी काय झाली, रेसिड्यूचा रिपोर्ट कुठला हे सगळं पेटीपर्यंत जुळावं लागतं. पॅकहाऊसच्या विंडोज मशीनवर जावा ८ मधलं जुनं स्विंगचं ॲप आहे, माझ्या आधीच्याने लिहिलेलं, तो आता फोन उचलत नाही. ऑपरेटर त्यात नाव, गाव, गट नंबर, प्लॉट नंबर भरतो, ॲप ते चारही एकाला एक चिकटवून त्याचा एसएचए-२५६ (मजकूर दिला की त्याचा ६४ अक्षरी ठसा, म्हणजे हॅश, देणारी पद्धत) काढतं आणि तोच हॅश सर्व्हरवर की, म्हणजे रेकॉर्ड ओळखायची खूण, म्हणून जातो. की आधीची असेल तर सर्व्हर रेकॉर्ड अपडेट करतो, नसेल तर नवीन घालतो.

तीन सीझन काही तक्रार नाही. परवा रात्री अकराला सुपरवायझरचा फोन, म्हणे वणीच्या सुनीलभाऊंच्या प्लॉटला ब्रिक्स (मण्यातली साखर) २१ दाखवतंय आणि तिथं तर मणी अजून १६ च्या वर गेलेला नाही, थंडीने सगळं थांबलंय, मग हे २१ आणलं कुठून. शोधत गेलो तर ते ओझरच्या दिनकररावांच्या प्लॉटचं रीडिंग निघालं. दोघांचा हॅश काढून बघितला तर सेम. म्हणजे जवळपास सेम नाही हो, ६४ च्या ६४ अक्षरं सेम, स्क्रीनवर बोट ठेवून वाचलीत.

दिनकर, ओझर, गट ११२, प्लॉट २
सुनील, वणी, गट ३४७, प्लॉट १

या दोघांना एक हॅश?? कॉलेजात तर शिकवलं होतं की एक अक्षर बदललं तरी हॅश पूर्ण बदलतो. मग ही कोलिजन, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश, आहे का? आणि गंमत म्हणजे माझ्या लॅपटॉपवर, उबंटू आहे, तिथं तोच कोड चालवला तर दोघांचे हॅश वेगळे येतात. आणि तेच टर्मिनलवर एको करून एसएचए२५६समला (हॅश काढणारी कमांड) पाईप केलं तर तिसराच येतो, जो कशाशीच जुळत नाही. कुणाला काही कळत असेल तर सांगा, सोमवारी कंटेनर आहे.

---

सातपूर_स्टॅक

कॉलमची साईज बघा आधी. वारचार ३२ ठेवलाय का कुणी? एमडी५च्या (जुनी, ३२ अक्षरी हॅशची पद्धत) जमान्यातला टेबल असेल तर हॅश अर्धा कापला जात असेल, आमच्याकडे झालंय असं.

---

द्राक्षवाला_डेव्ह

नाही दादा, कॉलम ६४ अक्षरांचा आहे. आणि ॲपच्या लॉगमध्ये पाठवायच्या आधीच सेम दिसतोय.

---

गंगेकाठचा

अर्धा कापला तरी १२८ बिट उरतात की, त्याने चुकून दोन शेतकरी एक होणार नाहीत.

आणि कोलिजन हा शब्द जरा जपून वापरा राव. एसएचए-२५६ची कोलिजन आजपर्यंत जगात कुणी दाखवलेली नाही. एमडी५ची २००४ साली शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. एसएचए-१ची २०१७ साली गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयवाल्यांनी दाखवली, दोन वेगवेगळ्या पीडीएफ पण हॅश एक, आणि त्यासाठी किती मशीन किती काळ जाळल्या ते वाचा एकदा. २५६साठी नुसतं नशिबावर सोडलं तर साधारण २ चा १२८वा घात एवढे प्रयत्न लागतात, ३९ आकडी संख्या आहे ती. ती दिंडोरी रोडला पॅकहाऊसमध्ये सापडली असेल तर कंटेनर राहू द्या, आधी पेपर लिहा.

तात्पर्य, हॅशच्या पोटात जे जातंय तेच सेम आहे. तुम्हाला स्क्रीनवर वेगळं दिसतंय एवढंच.

---

कोडकर_पंचवटी

एवढी डोकेफोड कशाला, एमडी५ टाका ना, फास्ट पण असतो आणि छोटा पण.

---

गंगेकाठचा

@कोडकर_पंचवटी घराचं दार लागत नाही म्हणून भिंत पाडा, असा सल्ला आहे हा.

---

बाइट_बाय_बाइट

एक साधा प्रश्न. तुम्ही नावं इथं मराठीत लिहिलीत ती कीबोर्ड मराठी आहे म्हणून, का ॲपमध्ये पण मराठीतच भरलेली आहेत? आणि आकडे? ११२ हा मराठी आकड्यात भरलाय का?

आणि आधीच्या तीन सीझनमध्ये नावं कशात होती?

---

द्राक्षवाला_डेव्ह

अरे हो ताई, हे सांगायचंच राहिलं. आधीचा ऑपरेटर सगळं इंग्लिशमध्ये भरायचा. तो सोडून गेला, आता गावातलाच एक मुलगा आलाय तो सगळं मराठीत भरतो, आकडे पण. मला वाटलं चांगलंच आहे की, शेतकऱ्याला स्लिप वाचता येते. स्क्रीनवर मराठी व्यवस्थित दिसतं, लोकल डेटाबेसमध्ये पण व्यवस्थित सेव्ह होतं, म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही.

त्याच्या आल्यापासूनच्या एन्ट्री आता मोजल्या. लोकलला ६१ आहेत आणि सर्व्हरवर फक्त १४. बाप रे.

---

बाइट_बाय_बाइट

मग सापडलं. कोड न बघता सांगते, त्यात कुठेतरी स्ट्रिंगवर नुसतं गेटबाइट्स() असं असेल, कंस रिकामा.

हॅश फंक्शनला अक्षरं कळत नाहीत, त्याला बाइट लागतात. अक्षरांचे बाइट कसे करायचे हे तुम्ही सांगितलं नाही तर जावा ८ मशीनची डीफॉल्ट एन्कोडिंग, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठले बाइट याचा तक्ता, उचलतं. उबंटूवर ती सहसा यूटीएफ-८ असते, तिच्यात देवनागरी बसते. आपल्याकडच्या इंग्लिश विंडोजवर ती असते विंडोज-१२५२, आणि त्या बिचारीत देवनागरीचं एकही अक्षर नाही. मग जावा काय करतं, एरर देत नाही, वॉर्निंग देत नाही, न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी गुपचूप एक प्रश्नचिन्ह ठेवतं.

आता तुमचे दोघे मोजा. दिनकर म्हणजे द, वेलांटी, न, क, र, झाले पाच. सुनील म्हणजे स, उकार, न, दीर्घ वेलांटी, ल, ते पण पाच. मात्रा वेगळ्या मोजायच्या कारण युनिकोडमध्ये त्या वेगळ्या असतात. ओझर तीन, वणी तीन. गट तीन आकडी, प्लॉट एक आकडी. दोघांचे बारा. म्हणजे तुमचं ॲप दोघांसाठीही सलग बारा प्रश्नचिन्हांचा हॅश काढतंय. हॅश त्याच्या जागी बरोबर आहे.

पटत नसेल तर टर्मिनलवर हे करा, प्रिंटएफ '????????????' आणि ते पाईप करा एसएचए२५६समला. सिंगल कोटमध्येच लिहा नाहीतर शेल त्या प्रश्नचिन्हांना फाईलची नावं समजून शोधायला जाईल. जो येईल तो त्या दोघांच्या हॅशशी ताडून बघा.

आणि अजून एक, चारही गोष्टी मध्ये काही न घालता चिकटवताय ना, मग की कोणती बनणार हे फक्त एकूण लांबीवर ठरतं. सर्व्हरवर १४ रेकॉर्ड आहेत म्हणजे त्या ६१ जणांच्या एकूण लांब्या काढल्यात तर बरोब्बर १४ वेगवेगळ्या निघतील. पैज लावते एका मिसळीची.

प्रिंटएफ का सांगितलं ते पण सांगते, एको शेवटी एक न्यूलाईन जोडतो आणि तो पण हॅशमध्ये जातो, तुमचा तो तिसराच हॅश त्यातून आलाय. एको -एन केलं तरी चालतं बहुतेक ठिकाणी, पण मला प्रिंटएफची सवय आहे.

---

द्राक्षवाला_डेव्ह

ताई. काय बोलू.

बारा प्रश्नचिन्हं टाकली, एंटर मारला, आणि तोच हॅश!! पहिली आठ अक्षरं वाचेपर्यंतच अंगावर काटा आला. आणि लांब्या काढल्या, १४ निघाल्या, मिसळ तुमची, कॉलेज रोडला या नाहीतर सातपूरला, पाव एक्स्ट्रा. त्या बाराच्या गठ्ठ्यात एक गणपत पण सापडले, ओझरचेच, गट १०४६ प्लॉट ३, चार आणि तीन आणि चार आणि एक. त्यांचं रेकॉर्ड दिनकररावांनी कधीच खाऊन टाकलेलं.

कोडमध्ये ओळ पण तश्शीच आहे, गेटबाइट्स, कंस रिकामा.

आता दोन प्रश्न. एक, हे बदललं तर तीन सीझनच्या जुन्या रेकॉर्डच्या कीज बदलतील का, कारण तसं असेल तर मला आत्ताच घाम फुटतोय. दोन, जावा अपडेट केलं तर आपोआप नीट होईल का.

---

सातपूर_स्टॅक

जुन्यांची चिंता नको. इंग्लिश अक्षरं आणि आकडे, म्हणजे साधं आस्की, ते विंडोज-१२५२मध्ये आणि यूटीएफ-८मध्ये बाइटला बाइट सारखेच असतात. फक्त या मराठी ६१ चे हॅश बदलतील आणि ते तसेही चुकीचेच आहेत. सर्व्हरवरचे ते १४ उडवा आणि लोकलवरून ६१ पुन्हा चढवा. बॅकअप घेऊन, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

जावा १८ पासून, २०२२ मध्ये, डीफॉल्ट यूटीएफ-८ झालंय सगळीकडे, पण त्यावर विसंबू नका. गेटबाइट्समध्ये स्टँडर्डचारसेट्समधलं यूटीएफ-८ स्पष्ट द्या. स्टार्टअपला फाईल-एन्कोडिंगचा फ्लॅग देऊन पण चालेल म्हणणारे भेटतील, पण उद्या कुणी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट नवीन बनवला आणि फ्लॅग टाकायचा विसरला की पुन्हा प्रश्नचिन्हं.

आणि मध्ये सेपरेटर घाला हो. ते एन्कोडिंग नीट केलं तरी ही भानगड राहतेच, गट ११ प्लॉट २३ आणि गट ११२ प्लॉट ३, चिकटवले की दोन्ही ११२३. एकाच गावात एकाच नावाने दोन प्लॉट असे असले तर परत तेच. फक्त सेपरेटर घातला की जुन्या इंग्लिश रेकॉर्डचे पण हॅश बदलणार, तेव्हा ते वेगळं, सीझन संपल्यावर करा.

---

गंगेकाठचा

मुळात नाव-गावाचा हॅश ही की म्हणून वापरायचीच कशाला. नावात एक वेलांटी दुरुस्त केली की तो माणूस सर्व्हरसाठी नवीन जन्माला येतो. साधा आयडी द्या सर्व्हरवरून, नाहीतर यूयूआयडी (सहसा परत न येणारा लांब आयडी) बनवा, आणि हॅश फक्त डुप्लिकेट ओळखायला ठेवा. पण ते पण सोमवारनंतर, आत्ता कंटेनर जाऊ द्या.

---

द्राक्षवाला_डेव्ह

अपडेट देतो. यूटीएफ-८ केलं, ६१ चे ६१ चढले, ब्रिक्स ज्याचं त्याला मिळालं, कंटेनर गेला. सुपरवायझरने चहा पाजला पण तोंडाने काही बोलला नाही.

पण आता नवीन. सुपरवायझर लोकांच्या फोनमध्ये माझंच एक छोटं ॲप आहे, कोटलिनमधलं, बागेत उभं राहून ते प्लॉट भरतात आणि तेच रेकॉर्ड पॅकहाऊसला जुळायला पाहिजे. कोटलिनमध्ये टूबाइटॲरे काही न देता वापरलं तरी यूटीएफ-८च असतं, तपासलं. बहुतेक सगळे जुळतात पण काही जण काही केल्या जुळत नाहीत. जे जुळत नाहीत त्यात निम्मे कुऱ्हाडे आहेत!! दोन्हीकडे कुऱ्हाडेच दिसतंय, मी दहा वेळा वाचलं. बाकीच्यांमध्ये एक गोऱ्हे आणि एक बाऱ्हेचा माणूस.

---

बाइट_बाय_बाइट

डोळ्यांनी वाचू नका, बाइट छापा. हॅश काढायच्या आधीच्या ओळीत दोन्हीकडे हेक्स (बाइटचे आकडे) प्रिंट करा आणि एकाखाली एक ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, द असेल तर ई०, ए४, ए६ असं दिसेल. प्रश्नचिन्ह झालं असेल तर ३एफ दिसेल, ते तर तुम्ही आता झोपेतही ओळखाल. कुऱ्हाडेच्या मधल्या भागात काय फरक दिसतोय ते सांगा. मला अंदाज आहे पण आधी तुम्ही बघा.

---

द्राक्षवाला_डेव्ह

बघितलं. फोनवर मधल्या भागात ई० ए४ बी१ येतंय. पीसीवर त्याच जागी ई० ए४ बी० येतंय, आणि हलन्तानंतर ई२ ८० ८डी असे तीन बाइट जास्तीचे आहेत, जे स्क्रीनवर कुठेच दिसत नाहीत. हे काय भूत आहे?

---

बाइट_बाय_बाइट

भूत नाही, आपला अर्धा र आहे, तो कुऱ्हाडीच्या पात्यासारखा.

युनिकोडमध्ये हा र लिहायच्या दोन पद्धती चालतात. एक म्हणजे नुक्तावाला ऱ, कोड ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, कोड ०९३०, त्याला हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडणारा, कोड २००डी, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, तेच तुमचे न दिसणारे तीन बाइट. दोन्ही स्क्रीनवर हुबेहूब दिसतात. कुठला कीबोर्ड काय टाकेल हे त्या कीबोर्डवर. तुमच्या ऑपरेटरचा एक टाकतोय, सुपरवायझरच्या फोनचा दुसरा.

लोक सांगतील एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणं) करा. करा, करायलाच पाहिजे, कारण र आणि सुटा नुक्ता असं कुणी टाकलं तर एनएफसी त्याचा एकसंध ऱ करून देतं. पण झेडडब्ल्यूजेवाल्या रूपाला एनएफसी हात लावत नाही, युनिकोडच्या दृष्टीने ती दोन वेगळी स्पेलिंगं आहेत. ते तुम्हालाच बदलावं लागेल, एनएफसी झाल्यावर र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हे तीन सलग दिसले की त्या जागी ऱ आणि हलन्त घाला. दोन्ही ॲपमध्ये अगदी एकच फंक्शन ठेवा.

एक चूक मात्र करू नका, जी मी स्वतः केलीय. न दिसणारं आहे ना, मग सगळेच झेडडब्ल्यूजे उडवून टाकू, असं केलंत तर दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. मी एका लग्नाच्या केटरिंगवाल्याच्या डेटात हे केलं होतं, त्याच्याकडे अचानक ४० आचार्य कामाला लागले.

---

सातपूर_स्टॅक

४० आचार्य 😂😂

शेवटच्या स्पेसचं पण बघा हो, फोनचा कीबोर्ड शब्द सुचवतो तेव्हा पुढे एक स्पेस सोडतो. ट्रिम करा. आणि कधी एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करून घेतली तर फाईलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे तीन बाइट चिकटून येतात, पहिल्याच शेतकऱ्याचा हॅश तेवढा जुळत नाही आणि माणूस वेडा होतो. मी झालो होतो.

---

कोडकर_पंचवटी

एवढं चाललंय तर मी पण विचारतो, नवीन धागा नको. आम्ही शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर एसएचए-२५६ करून बाहेरच्या व्हेंडरला देतो, म्हणजे प्रायव्हसी राहते. ते तरी बरोबर आहे ना?

---

गंगेकाठचा

नाही. मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. ऐकायला खूप वाटतात पण सगळ्यांचे हॅश काढून यादी बनवायला एका बऱ्या ग्राफिक्स कार्डाला मिनिटभरही लागत नाही. मग तुमचा हॅश त्या यादीत शोधला की नंबर हातात. हॅश उलटा फिरत नाही हे खरं, पण इथं उलटा फिरवायची गरजच नाही. एचमॅक (गुप्त की मिसळून काढलेला हॅश) वापरा, ती की स्वतःकडे ठेवा, व्हेंडरला देऊ नका. त्याहून बरं म्हणजे नंबर देऊच नका, त्याला नेमका कशाला हवाय ते विचारा आधी.

आणि पासवर्डला पण नुसता एसएचए लावला असेल तर तो धागा मात्र खरंच वेगळा काढा, तिथं बीक्रिप्ट नाहीतर आर्गॉन२, खास पासवर्डसाठीच्या मुद्दाम हळू पद्धती. बीक्रिप्ट पहिल्या ७२ बाइटच्या पुढचं वाचत नाही, देवनागरीत पासवर्ड ठेवणारा कुणी हौशी निघाला तर त्याची २४ चिन्हांतच हद्द संपते.

---

कोडकर_पंचवटी

बरं. व्हेंडरला फोन करतो उद्या.

---

द्राक्षवाला_डेव्ह

शेवटचा अपडेट. ताईंनी सांगितलं तसं केलं, एनएफसी, मग तो र, मग ट्रिम, दोन्हीकडे एकच फंक्शन. सगळे कुऱ्हाडे जुळले, गोऱ्हे जुळले, बाऱ्हेवाले पण जुळले. फंक्शनच्या वर कमेंटमध्ये लिहून ठेवलंय, झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नये, आचार्य होतात. पुढच्या माणसाला काही कळणार नाही पण हात तरी लावणार नाही.

आज सकाळी पॅकहाऊसवरून फोटो आला. पेटीवर लागणारं लेबल, वर कंपनीचं नाव, खाली वजन, आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. मोजली, पाच आहेत. दिनकर किंवा सुनील. लेबल प्रिंटरचा धागा वेगळा काढतो.